उचल घेऊन शिकू नका

(नौपाडा येथे भरलेल्या आदिवासी विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

शिष्यवृत्तीच्या अर्जात एक रकाना असतो, ‘पुढे काय व्हायचे आहे?’ पूर्वी तिथे शिक्षक, नर्स, पोलीस असं लिहिलेलं असायचं. यंदा अकरा अर्जांवर ‘वेब प्रोग्रामर’ किंवा ‘वेब डेव्हलपर’ आहे. एकाने लिहिलंय ‘वेबसाइटवाला’. मला तोच शब्द सगळ्यात आवडला. सुतार, लोहार, तसा वेबसाइटवाला. हाताने काहीतरी बनवणारा माणूस.

आता सकाळी तुम्ही ठाणे स्टेशनवरून इथे चालत आलात. गोखले रोडवर दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचल्या असतीलच. कपडे, चष्मे, दागिने, आणि मधूनमधून वरच्या मजल्यांवर कॉम्प्युटर क्लास. ‘१०० टक्के नोकरीची हमी.’ ‘आज प्रवेश, फी नंतर सोप्या हप्त्यांत.’ त्या पाट्यांबद्दल आज बोलायचं आहे. आणि बोलण्याआधी माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे, कारण तिची किंमत मी नाही, दुसऱ्याने भरली.

चार वर्षांपूर्वी मोखाड्याकडचा एक मुलगा माझ्याकडे आला. नाव सांगत नाही, तो इथेच मागे बसलाय आणि आत्ताच मान खाली घातली आहे. बारावी झालेला, गणित चांगलं. म्हणाला, “ताई, प्रोग्रामिंग शिकायचंय.” मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी त्याला घेऊन एका क्लासमध्ये गेले. कुठल्या, ते विचारू नका. थंडगार ऑफिस, काचेचं दार, गोड बोलणारी मुलगी. फी ६५,०००. त्यातले २०,००० आधी, बाकीच्या ४५,००० चं कर्ज एका फायनान्स कंपनीकडून मुलाच्या नावावर. जामीन म्हणून मी सही केली. मला वाटलं, मी सेवा करते आहे.

ते २०,००० कुठून आले हे मी विचारलंच नाही. पुढच्या दिवाळीनंतर त्याच्या घरी गेले तर घराला कुलूप. आईबाप, धाकटी बहीण, सगळे भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. क्लासच्या फीसाठी बापाने भट्टीमालकाकडून उचल घेतली होती. उचल म्हणजे काय हे या सभागृहातल्या अर्ध्या लोकांना मी सांगायला नको. बाकीच्या अर्ध्यांसाठी सांगते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा आगाऊ पैसे घ्यायचे आणि मग हंगामभर अख्ख्या कुटुंबाने विटा पाडून ते फेडायचे. हिशोबाची वही मालकाकडे. फेड झाली की नाही, ते तोच सांगणार. ती उचल फिटायला दोन हंगाम गेले. बहिणीची सातवीची शाळा त्यात गेली. त्याची आई मला भट्टीवर म्हणाली, “ताई, तू सांगितलंस म्हणून दिलं.” ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

आणि क्लासचं काय झालं? सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले. समोर पडद्यावर कोड दिसायचा, मुलं तो उतरवून घ्यायची. चाललं तर चाललं, नाही तर पुढचं पान. नोकरीच्या हमीचा कागद मी नंतर वाचला. बारीक अक्षरात होतं की हजेरी ९० टक्के हवी. बाप तापाने पडला म्हणून हा पंधरा दिवस भट्टीवर गेला होता. हजेरी गेली, हमी गेली. हप्ते मात्र राहिले. नोकरी म्हणून दाखवली ती फोनवर कर्जं विकण्याची.

धर्मज्ञानाचा डिप्लोमा करताना लूकच्या चौदाव्या अध्यायावर मी निबंध लिहिला होता. बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशोब करतो, असा तो दृष्टान्त. मला चांगले मार्क मिळाले होते. त्या मुलाच्या वेळी मी बसले नाही आणि हिशोबही केला नाही.

आपल्या या भागाला कर्जातल्या वेठीचा इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि मग नवराबायकोने त्याच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली वारली उठले ते या वेठीविरुद्ध आणि लग्नगडीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये ते सगळं लिहून ठेवलंय, मिळालं तर वाचा. त्या बाई कम्युनिस्ट होत्या, आपण ख्रिस्ती. वेठ कोणती हे ओळखायला दोघांचे डोळे चालतात. १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. आज हप्त्याचा कागद इंग्रजीत असतो आणि ऑफिसला एसी असतो, एवढाच मला फरक दिसतो. सगळे क्लास तसे नसतात, हेही मला माहीत आहे. पण ज्याच्या घरी परतफेडीला फक्त विटा आहेत, त्याने हमीच्या पाटीवर सही करू नये.

मग शिकायचं कसं? आता त्या मुलाचीच पुढची गोष्ट सांगते.

तो क्लासनंतर आपल्या ऑफिसात येऊन बसू लागला. घरी जायला तोंड नाही असं म्हणायचा. एका देणगीदारांनी दिलेला जुना लॅपटॉप कपाटात पडून होता, तो मी त्याला दिला. काम काय द्यावं सुचेना, म्हणून सांगितलं की आपल्या या त्रैमासिकाचे जुने अंक वेबसाइटवर टाकता येतात का बघ. मला वाटलं दोन दिवसांचं काम. त्याला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत तो प्रोग्रामर झाला.

अडचण अशी. आपले जुने अंक जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले. ज्यांनी डीटीपीची कामं केली आहेत त्यांना हे दुखणं माहीत आहे. त्या फाइलमध्ये खरं म्हणजे मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि तो फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट काढला की नुसता कचरा. मोबाइलवर वाचता यायला ते सगळं युनिकोडमध्ये आणायला हवं. हाताने परत टाइप करायचं म्हटलं तर पंधरा वर्षांचे अंक.

त्याने एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला, जावास्क्रिप्टमध्ये. एका बाजूला जुनी अक्षरं, दुसऱ्या बाजूला नवी, असा तक्ता केला. पहिल्या दिवशी मला दाखवायला आणलं तर ‘किती’ हा शब्द नीट येईना. कारण शोधायला आठवडा गेला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करतात आणि क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे ठेवायची. आणि पुढे जोडाक्षर असेल, ‘स्थिती’सारखं, तर एका अक्षरापलीकडे ठेवून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. ते जमलं तर रफार आला. ‘धर्म’ मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये म च्या आधी. वेलांटी पुढे ढकलायची, रफार मागे ओढायचा. तो म्हणायचा, “ताई, हे नांगराच्या बैलांसारखं आहे, एक पुढे ओढतो, एक मागे.”

सगळं झालं असं वाटलं तेव्हा मी प्रुफं तपासत होते, आणि एका लेखात ‘डोंगरदऱ्यांतून’ च्या जागी ‘डोंगरदर्यांतून’ आलं. दर्या म्हणजे समुद्र! मोखाड्यात समुद्र आणला होता त्याने. तो अर्ध्या र चा, ऱ्य चा प्रकार. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, मराठीला लागतो, आणि त्याने इंटरनेटवरून घेतलेला तक्ता हिंदीसाठी केलेला होता. ते दुरुस्त केलं तेव्हा तो पहिल्यांदा मला म्हणाला, “हे कुणाला माहीत नव्हतं, मला कळलं.” तुम्हाला सांगते, त्या वाक्यासाठी सहा महिन्यांचा क्लास आणि ६५,००० खर्च झाले होते, आणि ते वाक्य तिथे मिळालं नव्हतं.

आपल्या ख्रिस्ती समाजाला ही गोष्ट नवी वाटायला नको. जावजी दादाजी हे नाव जुन्या मराठी पुस्तकांवर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. गरीब घरातला पोरगा, मुंबईला अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागला आणि तिथे खिळ्यांचं काम शिकला. १८६९ मध्ये त्याने निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या देवनागरी खिळ्यांचं देशभर नाव झालं. केडगावला पंडिता रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, त्याचे खिळे जुळवले मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. दुष्काळात आईबाप गेलेल्या, टाकून दिलेल्या, लहानपणी विधवा झालेल्या बायका. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं. त्या बायकांना कुणी आधी हमीचा कागद दिला नव्हता. राहायला जागा होती, जेवण होतं, आणि समोर खरं काम होतं. माझ्या मते वेब प्रोग्रामरला सुरुवातीला लागतं ते एवढंच. बाकीचं फुकट आहे.

फुकट म्हणते ते अक्षरशः. टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत असताना १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र सगळ्यांना मोकळं, कुणी पैसे देण्याची गरज नाही. म्हणून आज एचटीएमएल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. लॅपटॉपमधलं साधं नोटपॅड आणि ब्राउझर पुरतो. शिकायला फ्रीकोडकॅम्प आहे, २०१४ पासून, पूर्ण विनामूल्य. एमडीएन नावाची साइट आहे, तिथे एकेक शब्दाचा अर्थ उदाहरणासकट दिलेला असतो. पान बनवलं की गिटहबवर ते फुकट ठेवता येतं आणि जगात कुणालाही बघता येतं. रेंज नाही म्हणणाऱ्यांना सांगते, इथे ठाण्यात असताना पानं मोबाइलमध्ये उतरवून घ्या आणि गावी वाचा. कसारा लोकलमध्ये दोन तास मिळतातच, बसायला मिळालं तर.

सुरुवात आपल्या गावाच्या पानापासून करा. नाव, दोन फोटो, पाड्यांची यादी. मराठी लिहिणार असाल तर पानाच्या वरच्या भागात यूटीएफ-८ ही ओळ घालायला विसरू नका, नाही तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसण्याचा धोका असतो आणि माझं काय चुकलं म्हणून तुम्ही रडत बसाल. मग रंगरूप, त्याला सीएसएस. मग पान हलायला लागतं, प्रश्न विचारतं, उत्तर देतं, ते जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये साधारण दहा दिवसांत उभी केली, त्यामुळे तिच्या काही खोडी आहेत. त्यातली एक मला चांगली ओळखीची आहे, ती सांगते.

शहापूरकडची एक मुलगी आपल्याकडे शिकत होती. तिच्या आईच्या बचत गटाची वही होती, तिचं तिने वेब पान केलं. महिना निवडा, बाईचं नाव निवडा, रक्कम टाका, बेरीज येईल. पाड्यावर नेऊन दाखवलं. एका बाईने आधीचे १०० होते, त्यात ५० भरले. पानावर आले १००५०. बायका हसून हसून लोळल्या. म्हणाल्या, “हाच गट बरा, इथेच पैसे ठेवू.” झालं असं होतं की रकान्यात टाकलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटतच नाही, तो त्याला शब्द समजतो, आणि दोन शब्द एकमेकांना चिकटवतो. आधी त्याचा आकडा करून घ्यावा लागतो. ही चूक पुस्तकात वाचून विसरली असती. पंधरा बायकांपुढे झाली म्हणून ती मुलगी जन्मात विसरणार नाही. आणि शहाणपण बघा, चूक पकडली ती सही न येणाऱ्या बाईने.

ती मुलगी आज इथे नाही. तिला ठाण्यात राहायला जागा मिळाली नाही. मुलांना आपण ऑफिसच्या मागच्या खोलीत झोपवतो, मुलीला कुठे ठेवणार? रोज शहापूरहून येऊन जाऊन आठ महिने तिने काढले. रात्री आसनगाव स्टेशनावरून पुढे जायला रिक्षा नसायची. पावसाळ्यात लावणीला घरी गेली ती राहिलीच, मे महिन्यात लग्न झालं. तिचं ते पान दोन बचत गट अजून वापरतात. विश्वस्तांनी हे लिहून घ्यावं अशी माझी विनंती आहे. मी प्रार्थनेत मांडलंच आहे, पण प्रार्थनेबरोबर खोलीही लागते.

आता नोकरीचं. मागे बसलेल्या आपल्या मुलाने नऊ ठिकाणी मुलाखती दिल्या. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत अडकला. एके ठिकाणी गावाचं नाव सांगितल्यावर समोरच्याने विचारलं, तिथे वीज आहे का? त्याला इंग्रजी वाचता यायचं, बोलता यायचं नाही. त्यावर त्याने एक उपाय केला तो तुम्हीही करा. संगणक जी चूक दाखवतो ते इंग्रजी वाक्य वहीत उतरवायचं, खाली मराठीत अर्थ, खाली ती चूक कशामुळे झाली आणि कशी गेली. दोनशे पानी वही भरली. मुलाखतीत त्यातलीच वाक्यं त्याच्या तोंडी आली, कारण ती त्याने भोगलेली होती. इंग्रजी संभाषणाच्या क्लासपेक्षा हे स्वस्त पडलं.

दहावी मुलाखत वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत. सात-आठ माणसं. मालकाने सर्टिफिकेटची फाइल उघडलीच नाही. म्हणाला, काय बनवलंय ते दाखव. याने फॉन्ट बदलणारा प्रोग्राम दाखवला. मालकाने विचारलं, हे कुणी वापरतं का? याने सांगितलं, “आमच्या ताई वापरतात आणि रोज तक्रार करतात.” तक्रार आली की काय करतोस यावर अर्धा तास बोलणं झालं. तीन महिने कच्चा, पगार १२,०००. पहिलं काम काय, तर गिऱ्हाइकांच्या साइटवरचे भाव आणि फोटो बदलणं. मोठं काही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पाट्यांवर सुटाबुटातले फोटो असतात. दीड वर्षात तो आता साइटच्या मागच्या बाजूचं, माहिती साठवायचं काम शिकलाय. क्लासच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्याने गेल्या नाताळात स्वतःच्या पगारातून भरला. बहिणीला परत शाळेत घातली आहे, दोन वर्षांनी मोठ्या वयाची, पण घातली आहे.

तुम्ही विचाराल, आता एआय कोड लिहितो, मग आम्ही कशाला शिकायचं? मीही त्याला विचारलं. त्याने मला करूनच दाखवलं. तोच फॉन्टचा प्रोग्राम त्याने एआयकडून लिहून घेतला. दोन मिनिटांत आला, दिसायला याच्यापेक्षा देखणा. चालवला, तर डोंगरदऱ्यांत परत समुद्र. मशीनला सांगितल्यावर तिने माफी मागून दुरुस्त केलं, पण सांगायला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यातला फरक दिसणारा माणूस लागला. पुढे दहा वर्षांनी काय होईल यावर मी पैज लावणार नाही. पण जो नुसतं पडद्यावरचं उतरवून घेतो, त्याचं काम पहिलं जाईल एवढं मला दिसतं.

ज्यांना रीतसर कागदही हवा आहे, आणि सरकारी वाट मोकळी राहावी म्हणून तो घ्यावाच, त्यांनी आयटीआयचा कोपा हा ट्रेड बघावा. दहावीनंतर एक वर्षाचा, संगणक चालवणं आणि प्रोग्रामिंगची तोंडओळख. त्यापुढे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा किंवा बीसीए. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विकास विभागाची स्वयम् योजना आहे, राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात. जात पडताळणीचा अर्ज मात्र आजच टाका. प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे रडत येऊ नका, मीही तुमच्याबरोबर रडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

देशात दुसरीकडे काय चाललंय तेही विश्वस्तांनी पाहावं. तमिळनाडूतल्या झोहो कंपनीने २००५ पासून स्वतःची शाळा चालवली आहे. बारावी झालेली मुलं घेतात, फी घेत नाहीत, उलट शिकताना विद्यावेतन देतात. नवगुरुकुल नावाची संस्था गरीब घरच्या मुलींना निवासी ठेवून प्रोग्रामिंग शिकवते. दोघांनीही तीच गोष्ट ओळखली आहे. गरिबाच्या पोराकडे डोकं कमी नसतं, वेळ कमी असतो. घर त्याच्या कमाईची वाट बघत असतं. शिकण्याचं ते एक वर्ष त्याला कुणीतरी द्यावं लागतं.

म्हणून आमच्या वहीतला हिशोब वाचून दाखवते. वापरलेला लॅपटॉप १८,०००. खाणावळ महिना ३,०००, वर्षाचे ३६,०००. एकूण ५४,०००. राहणं आपल्याच खोलीत. क्लासची नुसती फी होती ६५,०००. यंदा शिक्षणनिधीतून अकरा मुलांची क्लासची फी भरावी असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. ज्यांनी तो मांडला त्यांचं मन चांगलं आहे, माझंही त्या वेळी चांगलंच होतं. माझी विनंती आहे की फी भरू नये. तेच पैसे एका वर्षाच्या जेवणाला, लॅपटॉपला आणि मुलींसाठी एका भाड्याच्या खोलीला द्यावेत. खोलीचं भाडं धरलं तर ते सगळ्या अकरांना पुरतीलच असं नाही. मग काहींना थांबावं लागेल, आणि त्यांच्या आईबापांच्या तोंडावर हे सांगताना मला बरं वाटत नाही. पण अकरा कर्जांपेक्षा शिकण्याची थोडी वर्षं मला परवडतात.

पौल प्रेषित तंबू शिवायचा, हे आपण सगळे जाणतो. करिंथला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून, त्यांच्याबरोबर त्याच धंद्याला बसला. एक घर आणि शेजारी बसून काम करणारं कुणीतरी. आपला हा मुलगा आता दर शनिवारी संध्याकाळी चार ते सात ऑफिसात बसणार आहे, जो येईल त्याच्या शेजारी. त्याने पगार मागितलेला नाही, चहा मागितलाय. ज्यांना यायचं आहे त्यांनी बाहेर टेबलावर नाव द्यावं, आणि येताना आपल्या गावच्या पानावर काय हवं ते कागदावर लिहून आणावं, हातानेच.

आणि मंडळीतल्या बंधुभगिनींना एक सांगायचं राहिलं. जुना लॅपटॉप देताना चार्जरही द्या. गेल्या वर्षी तीन चार्जरशिवाय आले, आणि एकाचा पासवर्ड देणाऱ्यांनाच आठवत नव्हता.